बी कुणाचं ते आधी बघा

एप्रिल लागला की काटेसावरीची बोंडं तडकतात. पुण्यात आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून एक जुनं झाड आहे, त्याच्याखाली पांढऱ्या कापसाचा थर साचतो आणि त्या कापसात लाल किडे, थोडेथोडके नाही, नुसता सडा. मोठे, बारके, काही एकमेकांना मागून चिकटून दोघं दोन दिशांना ओढत चाललेले. झाडलोट करणाऱ्या मावशी कातावतात, पोरं काड्या घेऊन बसतात आणि कुणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावायच्या गोष्टी करतं. मी भिंग घेऊन खाली जाते, कारण इतके सगळे एका जागी, भर उजेडात, पळून न जाता बघायला मिळणं ही वर्षातून एकदाच येणारी संधी असते आणि मला हे किडे मनापासून आवडतात.

हे लाल ढेकूण. विदर्भात कपाशीवरचे म्हणून सगळ्यांना माहीत, शहरात भेंडीवर, जास्वंदीवर दिसले की लोक विचारतात हे चावतात का, घरात शिरतात का, गादीत होतात का. नाही होत. रक्त पिणारा ढेकूण याच मोठ्या खानदानातला, पण ह्यांना रक्ताशी काही देणंघेणं नाही, ह्यांना फक्त बी पाहिजे. आणि हीच गोष्ट मला आज नीट सांगायचीय, की बागेतला बी खाणारा ढेकूण ओळखायचा असेल तर रंगाच्या मागे लागू नका, तो कोणत्या झाडाच्या कोणत्या बीवर बसलाय ते आधी बघा. लाल-काळा रंग अर्ध्या डझन वेगवेगळ्या किड्यांचा असतो, त्यातले काही तर एकमेकांचे नातेवाईकही नसतात. झाड मात्र सहसा फसवत नाही.

पण त्याच्याही आधी तो ढेकूणच आहे ना, हे बघून घ्यायचं. पुष्कळ जण त्याला भुंगेरा समजतात. भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख कडक असतात आणि पाठीवर मधोमध एक सरळ रेघ पाडून मिटतात. ढेकणाचा वरचा पंख मुळाशी जाड, चामड्यागत आणि टोकाला पातळ पापुद्रा, आणि मिटताना हे पापुद्रे एकमेकांवर चढतात, त्यामुळे पाठीवर फुली दिसते. त्या फुलीच्या वरच्या बाजूला, पंखांच्या मधे एक त्रिकोण असतो. फुली आणि त्रिकोण दिसला की मग किड्याला हलक्या हाताने पारदर्शक डबीत घ्यायचा आणि डबी उलटी करून पोटाकडून बघायचं, तिथे डोक्याखालून पायांच्या मधून मागे दुमडलेली सोंड दिसते. जबडे नसतात, पान कुरतडणं यांना शक्यच नाही. म्हणजे तुमच्या पानाला भोकं पडली असतील तर आरोपी दुसरा कुणीतरी आहे, ह्याच्या नावावर ते बिल फाडू नका.

ती सोंड हे सगळ्यात देखणं प्रकरण. बाहेरून जी दिसते ती नुसती म्यान, चार पेरांची. आत केसाहून बारीक चार सळ्या असतात, बाहेरच्या दोन टोकाशी दातेरी, त्या भोक पाडत जातात, आणि आतल्या दोन एकमेकींत अशा अडकलेल्या की त्यांच्यामधे दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून जेवण वर येतं. बी काही रसाळ नसतं, मग हे पितात काय? तर लाळ आत सोडतात, लाळेतली पाचकद्रव्यं बीच्या आतला गर विरघळवतात, सळ्या पुढेमागे होत तो ढवळतात, आणि मग तयार झालेलं पातळ वर ओढून घेतात. पचन निम्मं बीच्या आतच झालेलं असतं. वाळक्या बीत एवढी लाळ सोडायची तर पाणी लागणारच, म्हणून हे किडे सकाळी पानावरचं दव पिताना दिसतात, कुंडीखालच्या ताटलीशी येतात. बीला वरून बघितलं तर काहीच कळत नाही, टरफल जसंच्या तसं, एखादा बारीक ठिपका असला तर असला. चिमटीत दाबलं की मग कळतं, आत पोकळ.

सावरीखाली बसून मी एकदा एक पिल्लू बघत होते, तीन-चार मिलिमीटरचं असेल, नुसतं लालभडक, पंखांचा पत्ता नाही. सावरीचं बी काळं, मिऱ्याएवढं, म्हणजे त्याच्या अंगापेक्षा मोठंच. त्याने सोंड बीत रुतवली आणि ते बी तसंच सोंडेवर टोचलेलं घेऊन निघालं. पुढचे पाय जमिनीला टेकत नव्हते नीट, तोल जात होता, तरी सोडलं नाही. वाटेत दुसरी दोन पिल्लं आली, त्यांनीही त्याच बीत आपापल्या सोंडा घातल्या आणि मग तिघं जागच्या जागी स्तब्ध. भांडण नाही, ढकलाढकली नाही. तीन लाळा एका बीत पडल्या की गर लवकर विरघळत असणार, त्यामुळे ही पंगत सगळ्यांच्याच फायद्याची असावी असं मला ते बघताना वाटलं.

अशा कळपाला अजून एक कारण आहे आणि ते आफ्रिकेतल्या ह्याच जातकुळीच्या ढेकणावर, डिस्डर्कस फॅसिएटसवर, छान अभ्यासलं गेलंय. नुसत्या बीवर जगायचं तर ब-जीवनसत्त्वं कमी पडतात. ती पुरवतात ह्यांच्या आतड्यात राहणारे जीवाणू. पण पिल्लू अंड्यातून येतं ते ह्या जीवाणूंशिवाय. मग आई अंडी घालताना त्यांच्यावर जीवाणूंचा लेप देते, पिल्लं बाहेर आली की आधी त्या अंड्यांच्या कवचांशी घुटमळतात आणि तिथून, किंवा एकमेकांच्या विष्ठेतून, आपला वाटा उचलतात. लेप पुसून टाकला तर पिल्लं नीट वाढत नाहीत, आणि वरून ब-जीवनसत्त्वं दिली की पुन्हा सावरतात. म्हणजे ज्याला आपण किळसवाणी गर्दी म्हणतो ती त्यांची आरोग्यव्यवस्था आहे.

आता ओळखीकडे येते. लाल ढेकणाची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, डिस्डर्कस. दीड सेंटिमीटरच्या आसपास, डोक्यामागे गळ्याशी पांढरी स्वच्छ कड, लाल पंखांवर दोन बाजूंना एकेक काळा ठिपका, पंखांचं टोक काळं, आणि उलटा केला की पोटावर पांढरे आडवे पट्टे, ते इतके सुबक असतात की प्रत्येकाने एकदा तरी बघावेत. आपल्याकडे ह्यात दोन जातींची नावं सारखी येतात, सिंग्युलेटस आणि कोएनिगी. दोघांनाही 1775 साली फॅब्रिशियस ह्या डॅनिश कीटकतज्ज्ञाने नाव दिलं, त्यातलं कोएनिगी हे योहान कोएनिगच्या नावावरून, तो सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसचा विद्यार्थी, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश वसाहतीत डॉक्टर होता. ह्या दोघांना फोटोवरून वेगळं करायच्या भानगडीत मी पडत नाही, डिस्डर्कस एवढं लिहून थांबते. प्रजातीपर्यंत पक्कं ओळखणं हे जातीचा अंदाज ठोकण्यापेक्षा कधीही चांगलं.

ह्यांची झाडं म्हणजे कापूस-भेंडी-जास्वंदीचं कुटुंब. कपाशी, भेंडी, अंबाडी, काटेसावर, रस्त्याकडेला उगवणारी पेटारी, ती चक्राकार फळांची, जिला काही लोक मुद्रा म्हणतात. जास्वंदीवर दिसला तर जरा आजूबाजूला नजर टाका, कारण आपल्या बागेतल्या जास्वंदीला सहसा बी धरतच नाही, तो तिथे कळ्यांवर वेळ काढत असतो आणि खरं जेवण कुठेतरी जवळ असतं, सुकलेली भेंडी नाहीतर पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरची पेटारी.

आणि रुईवर? रुईच्या फळांवर, हिरव्या फुगीर जोडफळांवर, असाच लाल-काळा ढेकूण बसलेला असतो आणि दहातले नऊ जण त्याला लाल ढेकूणच म्हणतात. तो वेगळा, स्पायलोस्टेथस. त्याच्या अंगावर लाल-काळ्याची नक्षी जास्त गुंतागुंतीची, पांडुरस नावाच्या जातीत पंखाच्या काळ्या पापुद्र्यावर एक पांढरा टिपकाही असतो. पण पक्की खूण हवी असेल तर भिंग लावून डोक्याकडे बघायचं. दोन मोठे डोळे तर असतातच, त्यांच्या मधे, जरा मागे, दोन चमकणारे मण्यासारखे साधे डोळे दिसले तर हा रुईवाल्यांच्या घराण्यातला. लाल ढेकणाच्या घराण्याला ते नसतातच. इतकी स्वच्छ खूण निसर्गात फार कमी ठिकाणी मिळते, पहिल्यांदा ते दोन बारके मणी दिसले तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं असतात, हे घराणं ती पचवतं, स्वतःच्या अंगात साठवतं, आणि त्याचा भडक रंग पक्ष्यांना हेच सांगत असतो.

भेंडीच्या वाळलेल्या शेंगेत अजून एक सापडतो, फार छोटा, चार-पाच मिलिमीटर, काळपट करडा, पंख काचेसारखे. शेंग फोडली की धुळीसारखे सैरावैरा पळतात आणि उग्र वास येतो. हा ऑक्सिकॅरेनस, कपाशीवरचा करडा ढेकूण. तो लाल ढेकणाचं पिल्लू नाही. पिल्लाला पूर्ण पंख कधीच नसतात, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर खूप गोंधळ टळतो. ढेकणांत कोष नसतो, फुलपाखरासारखा मधे विसावा नाही, पिल्लू पाच टप्प्यांतून कात टाकत मोठं होतं, पंखांच्या कळ्या हळूहळू वाढतात आणि शेवटच्या कातीनंतरच पंख पुरे होतात. तेव्हा पूर्ण पंख असलेला चार मिलिमीटरचा किडा हा त्याच्या जातीतला मोठाच.

शेंगभाज्यांची मंडळी अगदीच वेगळी. तुरीच्या शेंगेवर खांद्याला काटे असलेला, मागच्या मांड्या जाड असलेला मातकट ढेकूण बसतो, क्लाविग्राला, त्याने चोखलेले दाणे आकसून सुरकुततात. वाल-चवळीवर लांबट, तपकिरी, लांब पायांचा रिप्टॉर्टस, त्याची पिल्लं इतकी हुबेहूब मुंगी असतात की सोंड बघेपर्यंत विश्वास बसत नाही, आणि मोठा झाला की उडताना गांधीलमाशी वाटतो. वालाच्याच वेलावर कांडीला चिकटून बसणारे गोल, हिरवट-तपकिरी, बटणाएवढेही नसलेले ढेकूण मात्र बीवाले नव्हेत, ते कांडीचा रस पितात. कोकणात भाताच्या लोंबीवरचा ढेकण्या, हिरवा, सडपातळ, दाण्यात दूध भरत असतानाच ते पिऊन टाकतो आणि लोंबी पोचट राहते. झाड वेगळं, दाणा वेगळ्या वयाचा, ढेकूण वेगळा.

माझं माहेर यवतमाळकडचं, त्यामुळे लाल ढेकणाची दुसरी बाजूही मला घरातूनच माहितीये. तिथे तो गंमत म्हणून बघायचा किडा नाही. बोंड उमललं की हे सरकीसाठी आत शिरतात, कापसाच्या धाग्यावर विष्ठेचे, चिरडलेल्या अंगाचे पिवळट-तांबूस डाग पडतात, आणि हिरव्या बोंडाला सोंडेने पाडलेल्या भोकातून बुरशी आत जाते. वेचणीला बायका चांगला कापूस वेगळा आणि कवडी, म्हणजे डागी कापूस, वेगळी वेचतात, कवडीचा भाव पडतो. बाबा म्हणायचे, "फरदड ठेवली की ह्यांना घर बांधून दिल्यासारखं होते." खरंच आहे ते, पीक निघाल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी तशीच उभी ठेवली तर बी खाणाऱ्या ढेकणाला, बोंडअळीला, सगळ्यांनाच पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, पण बीटीचं विष अळीच्या आतड्यावर चालतं, ढेकणावर त्याचा काही परिणाम होत नाही.

त्या बुरशीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ॲशबया गॉसिपी तिचं नाव, 1926 मध्ये कपाशीवरचा रोग म्हणून तिची नोंद झाली, ढेकणांच्या सोंडेवरून ती बोंडात पोचते. ती पिवळी दिसते, कारण ती स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, बनवते. आज कारखान्यांत तीच बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून ब-2 काढतात. ज्या किडीने शेतकऱ्याचं बोंड बिघडवलं तिच्या सोंडेवरचा प्रवासी गोळ्यांच्या पाकिटापर्यंत पोचला.

आणि ह्या घराण्याने विज्ञानाला दिलेलं एवढंच नाही. युरोपात लिंडनच्या झाडाखाली, उन्हाच्या बाजूला, आपल्या सावरीखाली असतात तसेच लाल-काळे ढेकूण जमतात, पायरोकोरिस. 1891 मध्ये हेर्मान हेंकिंग ह्या जर्मन संशोधकाने ह्याच किड्याच्या शुक्रपेशी विभागताना बघितल्या, त्यात एक तुकडा बाकीच्यांसारखा वागेना, मागे राहायचा, त्याला त्याने एक्स अशी खूण केली. एक्स क्रोमोसोम हे नाव तिथून आलं. पुढे 1960च्या दशकात कारेल स्लामा हा कीटकतज्ज्ञ प्रागहून हार्वर्डला कॅरोल विल्यम्सच्या प्रयोगशाळेत गेला, सोबत हे किडे घेऊन. तिथे एक विचित्र गोष्ट व्हायला लागली, पिल्लं पाचव्या टप्प्यानंतर मोठी व्हायच्याऐवजी पुन्हा एक मोठंच्या मोठं पिल्लू बनायची आणि तशीच मरायची. खाणं बघितलं, पाणी बघितलं, शेवटी सापडलं ते डबीत अंथरलेल्या कागदी टॉवेलमधे. अमेरिकन कागद ज्या झाडांपासून बनतो त्यातल्या बाल्सम फर नावाच्या झाडात कीटकांच्या बालपण टिकवणाऱ्या संप्रेरकासारखं द्रव्य असतं, ते कागद बनल्यावरही शिल्लक राहतं. न्यूयॉर्क टाइम्सचा कागद घातला तरी तोच परिणाम, लंडनच्या टाइम्सचा घातला तर काही नाही. 1965 मध्ये हे छापून आलं. आणि त्या द्रव्याचा परिणाम दिसला तो फक्त लाल ढेकणांच्या घराण्यावर. एखाद्या किडीला नेमकं तिच्यापुरतं रोखता येईल, बाकी सगळ्यांना सोडून, ही आशा त्यातून मिळाली, आणि सरसकट फवाऱ्यापेक्षा तो विचार मला आजही जास्त पटतो.

कारण सरसकट फवारा काय करतो ते मी वरच्या काकूंच्या टेरेसवर बघितलं असतं, जर त्यांनी आधी हाक मारली नसती. "अगं ये बघायला, भेंडीचा सत्यानाश केलाय ह्या लाल किड्यांनी, मी औषध आणलंय, मारू का?" मी म्हटलं, "काकू, पाच मिनिटं थांबा, आधी कोण कोण आहे ते बघू." बघितलं तर खायच्या कोवळ्या भेंड्यांवर एकही नव्हता. सगळे दोन वाळक्या, तडकलेल्या शेंगांवर, ज्या काकूंनी बियाण्यासाठी ठेवल्या होत्या. आणि त्या गर्दीच्या कडेला एक जरा मोठा, दांडगा, दोन सेंटिमीटरचा लाल. गळ्याशी पांढरी कड नाही, पंखावर काळा ठिपका नाही. त्याच्या सोंडेच्या टोकाला एक लाल ढेकूण लटकत होता, पाय अजून हलत होते. हा अँटिलोकस. घराणं तेच, लाल ढेकणांचंच, पण हा बी सोडून आपल्याच भाऊबंदांवर जगतो. तीच सोंड, तीच लाळ, फक्त बीच्या जागी किडा. काकू भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी औषध मारलं असतं तर हा आधी गेला असता." हो, कारण लाल ढेकूण पुन्हा शेजारच्या प्लॉटवरून चालत येतात, संख्या लगेच भरून काढतात, ह्याचं तसं नाही, खाणारे नेहमीच थोडे असतात आणि उशिरा परततात.

शेवटी त्या शेंगांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या, बांधायच्या आधी शेंगा बादलीतल्या साबणाच्या पाण्यावर झटकल्या. सकाळी गारव्यात झटकलं तर ते सुस्त असतात, पटापट पडतात. अँटिलोकसला मी आधी डबीत घेतलं होतं, त्याला नंतर परत झाडावर सोडला. कुंडीतली वरची माती काकूंनी खुरप्याने हलवली, कारण लाल ढेकणाची मादी अंडी मातीत, भेगेत किंवा पालापाचोळ्याखाली घालते, झाडावर नाही. बियाणं नको असेल तर त्याहून सोपं, शेंग वाळायच्या आत काढून टाकायची.

सावरीखालच्यांना तर काहीच करायची गरज नसते. बोंडांचा हंगाम संपला, बी संपलं, पहिले पाऊस झाले की ते पांगतात.

तुमच्या बागेत असा कुणी दिसला तर फोटो वरून एक, पोटाकडून एक, आणि जमला तर डोक्याचा झूम करून एक काढा, म्हणजे ते दोन मणी आहेत की नाहीत ते दिसेल. सोंड कशात रुतलीय ते फोटोत येऊ द्या. आणि झाडाचं पान, फूल, शेंग ह्यांचाही एक घ्या, किडा उडून गेला तरी त्यावरून निम्मं काम होतं.